आडनावाची पाटी

मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २०१२ ते २०१४ या काळात आडनाव बदललेल्या माणसांच्या शंभर कहाण्या जमवल्या आणि छायाचित्रांसोबत भिंतीवर मांडल्या. 'ऑल्टर्ड इनहेरिटन्सेस' हे त्या कामाचं नाव. त्यातल्या फ्रेमा मधूनच कापलेल्या आहेत, त्यामुळं चित्रही आडनावासारखंच जोडावर सरकलेलं दिसतं. नागपुरात असं काही करावं, असं शासकीय चित्रकला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या एका मुलीच्या मनानं घेतलं. तिला छायाचित्रं नको होती, पत्र्यावर हातानं रंगवलेली अक्षरं हवी होती. आणि तिचे मामा इतवारीतले पेंटर. नागपुरात 'पेंटर' म्हटलं की कॅनव्हासवाला कोणाच्या डोळ्यापुढं येत नाही, पाट्या रंगवणाराच येतो. फ्लेक्स आला आणि या लोकांच्या हातचं काम गेलं. मामा अजून घरांच्या नावाच्या पाट्या आणि ट्रकच्या मागचं लेटरिंग तेवढं करतात.

मामाभाचीची ही बोलणी मी समोर बसून ऐकली. मला भाचीचं म्हणणं आधीपासून पटलेलं होतं, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

भाची : काम साधं आहे मामा. चार बाय तीनचे पत्रे. एका पत्र्यावर एका माणसाची गोष्ट, त्याच्याच शब्दांत. आधी आडनाव काय होतं, आता काय आहे, कशासाठी बदललं.

मामा : मग त्याच्यासाठी प्रदर्शन काहून पाहिजे? पेपर उघड नं. आतल्या पानावर रोज येते. 'मी अमुक, यापुढे तमुक या नावाने ओळखला जाईन.' कोर्टासमोर टायपिंगवाल्याकडून प्रतिज्ञापत्र करायचं, राजपत्रात छापून आणायचं, झालं. शंभर काय, पाहिजे तेवढ्या भेटतील तुला.

भाची : त्यात नाव बदललं एवढंच असतं. का बदललं ते नसतं.

मामा : नसते, कारण त्याला ते सांगायचं नसते! माझ्याकडे माणूस येते, म्हणते घराची पाटी करा. नाव लिहा, बापाचं नाव लिहा, आडनाव नको. मी विचारतो का? दाराला लागणारी पाटी आहे, शेजारी वाचतील, घरमालक वाचेल, पोरीला पाहायला आलेले वाचतील. ज्यानं त्यानं आपला हिशोब करून ते आडनाव गाळलं असते. आता तू ते शोधून काढशील, त्याला लाल शेड मारायला सांगशील मला, आणि हॉलमध्ये टांगशील. ज्यानं पुसलं त्याला विचारलं का तू?

भाची : सगळ्यांना विचारलंय. ज्यांना नाव नको त्यांचं नाव नाही.

मामा : नाव नाही अन् नावाची गोष्ट आहे. वा.

इथं मी हसलो. भाची हसली नाही. तिच्याकडं उत्तर होतं, आणि ते या शहराबाहेरच्या कोणाकडून इतक्या जोरात आलं नसतं.

भाची : तुम्ही म्हणता माणसाला सांगायचं नसतं. मग दीक्षाभूमीवर काय झालं? १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखो माणसं जमली आणि बाबासाहेबांच्या मागून बावीस प्रतिज्ञा म्हणाली. मनातल्या मनात नाही म्हणाली, मोठ्यानं म्हणाली, एकमेकांना ऐकू जाईल असं. सकाळी आलेला माणूस आणि संध्याकाळी परत निघालेला माणूस तोच होता, घर तेच, पोट तेच. मध्ये फक्त काही वाक्यं तोंडातून गेली होती. त्या वाक्यांनी तो स्वतःलाच वेगळा दिसायला लागला. मी वेगळं काय करतेय?

मामा : तिथं बोलणारा आपल्यासाठी बोलत होता. बघायला तिकीट काढून कोणी आलं नव्हतं.

भाची : माझ्याकडंही तिकीट नाही.

मामा : तिकीट नाही, पण बघणारे आहेत नं. फरक तिथंच आहे.

दोघांच्या बोलण्यात न आलेली एक गोष्ट मध्येच सांगतो. खुद्द बाबासाहेबांच्या घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, आणि जगानं ओळखलं ते आंबेडकर म्हणून. आडनावावरून माणूस वाचायची सवय आपल्याकडं अशी मुरलेली आहे, की ती कधी कधी वाचणाऱ्यालाच तोंडघशी पाडते. सवी सावरकर हे १९६१ साली नागपुरात जन्मलेले चित्रकार. इथं शिकले, पुढं बडोद्याला शिकले, दिल्लीच्या कला महाविद्यालयात शिकवलं. नुसतं आडनाव वाचून कोणी अंदाज बांधला आणि मग त्यांची चित्रं पाहिली तर त्याची भंबेरी उडेल. गळ्यात थुंकायचं मडकं आणि पाठीला झाडू बांधलेला पेशवाईतला माणूस त्यांनी पुन्हा पुन्हा काढला आहे. त्या चित्राला शब्दांची गरज पडत नाही. मडकं गळ्यात अडकवलं की थुंकी जमिनीवर पडत नाही, हे पाहणाऱ्याला कळतं; आणि तोंडातून बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे बोलणंसुद्धा, त्या मडक्याच्या काठावरून यावं लागतं, हेही कळतं. भाचीनं हे चित्र मामांना मोबाईलवर दाखवलं. मामा बराच वेळ पाहत राहिले आणि एवढंच म्हणाले, "रेघ पक्की आहे." पेंटरकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

पण त्यांनी तिथूनच उलटा डाव टाकला.

मामा : बघ, याच्यात एक अक्षर नाही. तरी कळलं. चित्र असं पाहिजे. अक्षर वाचायसाठी असते, चित्र पाहायसाठी. तुम्ही आजकालची पोरं अक्षरंच टांगता भिंतीवर. मी जन्मभर तेच केलं तर मला कोणी कलाकार म्हटलं नाही. दुकानावर लागलं तर बोर्ड, अन् हॉलमध्ये लागलं तर कला?

भाची : हो. आणि तुम्हाला कलाकार म्हटलं नाही ही चूक आहे, तेच तर म्हणतेय मी.

मामा : मस्का नको मारू.

भाची : मस्का नाही. कोचीला आम्ही बिनाले पाहायला गेलो होतो. तिथं शिल्पा गुप्तांचंच काम होतं. अंधारी खोली, शंभर लोखंडी सळया, प्रत्येक सळईत कविता छापलेला कागद खुपसलेला, आणि वर शंभर मायक्रोफोन टांगलेले. हे सगळे कवी लिहिल्याबद्दल, बोलल्याबद्दल तुरुंगात टाकलेले. काही तर हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे. मायक्रोफोन आपण बोलायला वापरतो नं? तिथं ते उलटे जोडलेले, त्यातून आवाज बाहेर येतो. एक माइक एक ओळ म्हणतो आणि बाकीचे नव्व्याण्णव त्याच्या मागून म्हणतात.

मामा : कोणत्या भाषेत?

भाची : हिंदी, इंग्रजी, अरबी, रशियन, स्पॅनिश, अझरबैजानी... पुष्कळ.

मामा : तुला किती समजल्या?

भाची : दोन. पण नाही समजलं तरी...

मामा : न समजणं तुला परवडते, पोरी. तू हॉलमध्ये उभी होतीस. नाही समजलं तर आवाज ऐकायचा, अंगावर काटा आणायचा, बाहेर येऊन चहा प्यायचा. एटापल्लीची बाई तहसीलमध्ये उभी राहते, समोरचा मराठीत विचारते, तिला गोंडीशिवाय येत नाही. तिला विचार न समजण्यात काय मजा असते.

मी भाचीच्या बाजूचा, पण या वाक्यापाशी माझी बाजू थोडी सरकली. त्या शंभर माइकांच्या कामाचं नाव 'फॉर, इन युवर टंग, आय कॅनॉट फिट'. ते आलं नसिमी या चौदाव्या शतकातल्या अझरबैजानी कवीकडून, ज्याला पुढं त्याच्या विचारांपायी अलेप्पोत हाल हाल करून मारलं. हे काम अझरबैजान आणि एडिंबरासाठी घडलं, २०१८ मध्ये कोचीत आलं, २०१९ मध्ये व्हेनिसला गेलं, नंतर लंडनच्या बार्बिकनमध्ये लागलं. या सगळ्या ठिकाणचा प्रेक्षक न समजणाऱ्या भाषांमध्ये काही वेळ राहण्यासाठीच आलेला असतो. त्यात वाईट काही नाही. पण भाषेत मावत नाही म्हणून ज्याचा जीव जातो आणि भाषा कळत नाही म्हणून ज्याला शहारा येतो, ते दोघं एका खोलीत असले तरी त्यांच्यात अंतर राहतंच. भाचीला हे कळत नव्हतं असं नाही. तिनं दुसरं उदाहरण काढलं.

भाची : बरं, हे ऐका. जितीश कल्लाट म्हणून आहेत मुंबईचे. २००३ मध्ये त्यांनी नेहरूंचं स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीचं भाषण पाच आरशांवर लिहिलं. रबराच्या सोल्यूशननं लिहिलं आणि पेटवून दिलं. अक्षरं जळून काळी राहिली आणि उष्णतेनं आरसेच वाकडे झाले. गुजरातच्या दंगलीनंतरचं काम आहे ते. तुम्ही वाचायला जवळ गेलात की जळलेल्या अक्षरांमागं तुमचाच चेहरा, वाकडातिकडा.

मामा : काचेचा आरसा?

भाची : नाही, ॲक्रिलिकचा.

मामा : तरीच. काच तडकली असती. ॲक्रिलिक वळते. सोल्यूशन किती जाड लावलं असंल? पातळ लावलं तर भुर्रकन जळून जाते, अक्षर राहतच नाही...

पुढचा काही वेळ मामांनी ज्वलनशास्त्र सांगितलं. ते इथं देत नाही. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली ती द्यायलाच हवी. नागपुरात पानठेल्यावर आरसा असतोच. कोणे एके काळी तो आरसाही पेंटरच रंगवायचा : वर ठेल्याचं नाव, खाली उधारीबद्दलची सूचना, कोपऱ्यात वेलबुट्टी. मामांनी असे पुष्कळ केले. गिऱ्हाईक पान लागेपर्यंत केस नीट करतं आणि त्याच्या कपाळावर 'उधार बंद है' येतं. "तुमच्या कल्लाटनं जाळून केलं, आम्ही न जाळता करत होतो," असं म्हणून त्यांनी विडी पेटवली. यावर भाचीनं दोन्ही हात जोडले. तिला हेच तर म्हणायचं होतं, असं तिचं म्हणणं. आणि आपलं म्हणणं सिद्ध झालं, असं मामांचं.

यानंतर बोलणं जिथं गेलं तो भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. निमित्त झालं एटापल्लीच्या बाईचंच. गोंडीचं काही काम केलं होतं का, असं भाचीनं विचारलं.

मामा : एक केलं. गडचिरोलीकडचे गृहस्थ आले, म्हणाले कार्यक्रमाचा बोर्ड पाहिजे, गोंडीत. म्हटलं देवनागरीत लिहून द्या, मी काढतो. तर म्हणे नाही, आमची लिपी आहे. कागदावर काढून आणली होती. मला एक अक्षर वाचता येईना. पण कुठं ब्रश दाबायचा, कुठं उचलायचा, हे हाताला समजते. दोरी मारून ओळी आखल्या, मनगट काठीवर टेकवलं, अन् नक्कल करत गेलो. ते गृहस्थ बाजूला स्टुलावर बसून. तिसऱ्या ओळीत म्हणाले, पेंटरसाहेब, हे चुकलं. एक गाठ उलट्या अंगाला गेली होती. टर्पेंटाईनच्या बोळ्यानं पुसलं, परत काढलं.

भाची : मामा! म्हणजे तुमच्यासाठी ते चित्रच होतं. वाचता न येणारं अक्षर तुम्ही रंगवलंत. आणि मघाशी म्हणता अक्षर वेगळं, चित्र वेगळं.

मामा : माझ्यासाठी चित्र होतं, कबूल. पण बोर्ड माझ्यासाठी नव्हता नं. चूक काढणारा बाजूला बसला होता म्हणून तो बोर्ड झाला. तो चहा प्यायला उठून गेला असता तर ती नुसती वेलबुट्टी राहिली असती. आता मला सांग, तुझ्या प्रदर्शनात चूक काढणारा कोण बसणार आहे स्टुलावर?

भाची गप्प बसली. मामांनी रंगवली ती बहुधा मसराम लिपी असावी. बालाघाटच्या मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये ती तयार केली आणि २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, म्हणजे आता ती मोबाईलवरही लिहिता येते. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांवर होते, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. आणि नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं. गोंडी भाषेवर आणि लिपीवर आयुष्यभर पुस्तकं लिहिणारे मोतीरावण कंगाली याच नागपूरचे. नोकरी रिझर्व्ह बँकेत, बाकीचा वेळ गोंडीत. असं असून सीताबर्डीच्या रस्त्यावरून टोकापर्यंत चालत गेलं तर मराठी, हिंदी, इंग्रजी पाट्या मनसोक्त वाचायला मिळतात. शहर ज्यांनी वसवलं त्यांच्या भाषेतलं एक अक्षर मात्र सापडायचं नाही. भाषा आणि स्वतःची प्रतिमा या विषयावर प्रदर्शन भरवायचं तर मी तरी आडनावाआधी हा रस्ताच भिंतीवर लावीन. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

भाची : ठीक आहे. ज्यांनी गोष्टी दिल्या त्यांनाच बोलवीन. पत्रे लावायच्या आधी. ते चूक काढतील.

मामा : येतील?

भाची : काही येतील. एक जण तर म्हणाला, माझं जुनं नावही लिहा, नवंही लिहा, आणि दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहा. मला आता लाज राहिली नाही, म्हणाला.

मामा : त्याला घर स्वतःचं असंल.

भाची : (थोडं थांबून) हो. स्वतःचं आहे.

मामांनी यावर विजयी चेहरा केला नाही, हे नोंदवून ठेवतो. त्यांनी तिच्या हातातला कागद मागितला. त्यावर पहिल्या गोष्टीचा मजकूर होता : घरमालकीण खोली दाखवायला आली, नाव ऐकलं आणि म्हणाली खोली तर देऊन टाकली, पण 'भाड्याने देणे आहे'ची पाटी तशीच लटकून राहिली होती.

मामा : हे 'लटकून राहिली होती' असंच लिहायचं?

भाची : तो तसंच बोलला.

मामा : 'लटकत होती' लिही. बोर्ड शुद्ध पाहिजे.

भाची : मामा, तुम्ही स्वतः असंच बोलून राहिले सकाळपासून!

मामा : बोलतो. लिहीत नाही. १९७५ च्या जानेवारीत पहिलं विश्व हिंदी संमेलन झालं नं इथं, इंदिराबाई आल्या होत्या, मॉरिशसचे पंतप्रधान आले होते, तेव्हा उस्तादांच्या हाताखाली मी कापडी बोर्ड केले. एक मात्रा चुकली तर उस्ताद थोबाडीत द्यायचे. आपली बोली आधीच अर्धी हिंदी म्हणतात लोक. तू ती तीन फुटाच्या पत्र्यावर लिहिशील तर येणारा हसेल. अन् तो माझ्या अक्षराला नाही हसणार, त्या खोली न भेटलेल्या माणसाला हसेल.

भाची : मी पुण्यात कामाला होते तेव्हा 'येऊन राहिले' म्हटलं की सगळे गोड हसायचे. कोणी वाईट वागलं नाही. पण मी ते म्हणणं सोडलं. मग एक दिवस आईशी फोनवर बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवतेय, असं लक्षात आलं. आईशी! शुद्ध करायची तर ही गोष्ट त्याची कुठं उरली? आडनाव त्यानं स्वतः टाकलं; बोली मी टाकायला लावू?

हा मुद्दा मामांना अडवून गेला. मला वाटतं, सबंध बोलण्यात हा एकच होता ज्याला त्यांच्याकडं तयार उत्तर नव्हतं. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला पाहिलं. मागं इंग्रजी मजकूर होता.

मामा : हे काय?

भाची : माहिती. दारापाशी लागेल. बाहेरगावचे लोक येतात, कॅटलॉग जातो, म्हणून इंग्रजीत.

मामा : मराठीत?

भाची : त्याच्याखाली. थोडी बारीक अक्षरात.

मामा : नाही चालणार. कायदा आहे. मराठी आधी पाहिजे, अन् दुसऱ्या भाषेपेक्षा बारीक नको.

भाची : तो दुकानांना आहे मामा! २०२२ ला दुरुस्ती झाली ती दुकानांसाठी.

मामा : मग तुझं दुकान नाही का?

सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या सप्टेंबरात व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा शहरोशहरी घाईघाईनं मराठी फ्लेक्स लागले. मामांना त्यातून एकही काम मिळालं नाही. तरी तो नियम त्यांनी असा काही उच्चारला की जणू तो त्यांनीच केला होता. कलादालनाला दुकानाचा कायदा लावणं विनोदी आहे खरं. पण मला तो लागू करावासा वाटतो. दाराशी जी भाषा मोठी, तिच्या माणसाला आत आल्यावर पाहुण्यासारखं वाटत नाही. आणि स्वतःच्या नावाची गोष्ट पाहायला आलेल्या माणसाला तिथं पाहुणा करण्यात कसली कला? भाचीनं वाद घातला नाही. तिनं पेननं इंग्रजीवर बाण काढून ते खाली नेलं आणि मराठीला वर आणलं. 'लटकून राहिली' मात्र तिनं सोडलं नाही.

मामांनीही आपली अट सोडली नाही. टाकलेलं आडनाव ते रंगवणार नाहीत. ज्याला स्वतःचं घर आहे आणि जो मोठ्या अक्षरांत लिहा म्हणतो, त्याचं सोडून. भाची म्हणाली, मग तिथं जागा कोरी ठेवा, जेवढं आडनाव तेवढीच. मामांनी पत्र्याचं माप विचारलं, पाठीमागं कोन लावायचे की लाकडी चौकट, ते विचारलं आणि फुटाचा दर सांगितला.

भाची : कोऱ्या जागेचे पैसे कमी करा नं मामा.

मामा : काहून? प्राइमर तिथंही मारावाच लागते. उलटं तिथं दोन हात जास्त लागतील, नाहीतर गंज पहिल्यांदा तिथूनच वर येते.